आरशातला पाय

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे तुकडेताई म्हणायचे. समोर नुसतं ताई, आणि पाठ वळली की तुकडेताई. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा लिफ्टमध्ये एका नर्सच्या तोंडून ते चुकून समोरच निघालं. नर्सचा चेहरा पडला, तर ताईच म्हणाल्या, "असू दे गं. जोडते ते कुणाला दिसत नाही, मोजते तेवढंच दिसतं."

मी तिथे फिजिओथेरपिस्ट. हाड जोडून झालं की माणसाला पुन्हा पायावर उभं करणारा. ही गोष्ट ताईंची आहे, पण तिच्यात माझाही वाटा आहे आणि तो मिरवण्यासारखा नाही.

ताई एकोणिसाव्या वर्षी एक्स-रे विभागात लागल्या, त्या काळात फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची असे. त्या रसायनाने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं जी पिवळट झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली. ओली फिल्म चिमट्याला लटकत असतानाच त्या सांगायच्या, हे हाड म्हाताऱ्या बाईचं आहे, हे जुनं मोडलेलं आहे, ह्याला कुणीतरी मारलंय, पडलाबिडला काही नाही. डॉक्टर नंतर बघायचे आणि बहुतेक वेळा तेच म्हणायचे.

पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं. मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन आधी पडद्यावर करून बघायचं यंत्र आलं, तेव्हा ताई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. कंपनीचा माणूस चार दिवस शिकवायला आला. पहिल्या दिवशी चार डॉक्टर बसले, दुसऱ्या दिवशी दोन, आणि तिसऱ्या दिवशी ताई एकट्या. घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा भाऊजींच्या ताब्यात असायचा, अशी ही बाई. भाऊजी म्हणजे त्यांचे यजमान, एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायचे. ते म्हणायचे, "घरात बल्ब गेला की मला हाक, आणि तिकडे म्हणे ही कॉम्प्युटरवर माणसं जोडते."

पण जोडायच्या खरंच. त्यांची खोली तळघरात, सीटी स्कॅनच्या शेजारी. खिडकी नाही, दोन मोठे पडदे, एक खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली उशी आणि आल्यागेल्यासाठी एक स्टूल. स्कॅनमधून हाडाचे शेकडो पातळ काप यायचे, कॉम्प्युटर त्यांचं एक अख्खं चित्र करायचा. पण त्याला तुकडा आणि दोन तुकड्यांमधली फट ओळखू यायची नाही. ते ताई करायच्या. एकेक तुकडा माऊसने वेगळा सोडवायचा, त्याला रंग द्यायचा, आणि मग सगळे पुन्हा एकमेकांत बसवत जायचं. प्लेट कुठे टेकेल, स्क्रू किती लांब, कुठला तुकडा आधी उचलायचा, हे सगळं कातडीला सुरी लागायच्या आत ठरलेलं.

आणि मोडलेलं हाड मुळात कसं होतं, हे कसं कळणार? त्यासाठी दुसरी बाजू. उजवा पाय मोडला असेल तर डाव्याचं चित्र घ्यायचं, आरशात दिसावं तसं उलटं करायचं, आणि त्याच्यावर उजव्याचे तुकडे रचायचे. माणसाच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या असतात, त्या भरवशावर.

थिएटरमध्ये ह्या तयारीचा पुढचा भाग. हाडात दोन बारीक सळ्या रोवायच्या, त्यांच्या टोकांना चमकणारे छोटे गोळे. वर एक कॅमेरा ते गोळे बघत राहायचा. त्यावरून कॉम्प्युटर सांगायचा की हाड आत्ता कुठे आहे, ड्रिल कुठे चाललंय आणि ठरवलेल्या जागेपासून किती हुकतंय. त्या कॉम्प्युटरपाशीही ताईच बसायच्या, हिरवी टोपी कपाळावर ओढून.

हाडांच्या विभागाचे प्रमुख म्हणजे आमचे मोठे सर. सुरुवातीला ते इतके मोठे नव्हते. प्रत्येक ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तळघरात उतरून त्या स्टुलावर बसायचे. "ताई, काय म्हणतायत तुकडे?" असं विचारायचे. एकदा एका बेकरीत काम करणाऱ्या बाईंच्या खुब्याची वाटी फुटली, नऊ तुकडे. सर मोठ्या तुकड्यापासून सुरू करणार होते. ताईंनी पडद्यावर करून दाखवलं, "सर, हा मोठा बसला की मागच्या लहानग्याला आत जायला वाटच उरत नाही. आधी ह्याला घ्या." सरांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं, मग म्हणाले, "मी उद्या आत जाऊन फसलो असतो." त्या बाई चार महिन्यांनी स्वतःच्या पायांनी जिना उतरून ताईंना भेटायला आल्या. मीच घेऊन आलो होतो.

मग सरांचं नाव झालं. भाषणं, परदेशचे दौरे, भिंतीवर मानपत्रं. ताईंनी केलेला प्लॅन आता तारेवरून थेट वर सरांच्या खोलीत जायला लागला, त्यामुळे खाली यायची गरज उरली नाही. स्टुलावर ताईंनी कागदांचा गठ्ठा ठेवायला सुरुवात केली.

ह्याच सुमारास काचवाला आला.

उंच इमारतींना बाहेरून मोठमोठ्या काचा बसवायचं त्याचं काम. वय चौतीस. ज्या लोंबत्या पाळण्यात उभं राहून काचा बसवायचा त्याची एक दोरी सुटली आणि तो दोन मजल्यांवरून खाली आला. इतक्या उंचीवरून पडून एकच मांडी मोडली, म्हणजे नशीबवानच. पण मोडली ती अशी की उजव्या मांडीच्या हाडाचा मधला चार बोटं भाग निव्वळ चुरा. वरचं टोक शाबूत, खालचं टोक शाबूत, आणि मध्ये काही नाही. अशा हाडात आरपार रॉड घालतात. रॉडने हाड सरळ होतं, पण बाटलीचं झाकण फिरतं तसं खालचं टोक वरच्या टोकावर फिरलेलं असेल तर ते समोरून काढलेल्या एक्स-रेत कळत नाही. कळतं ते माणूस चालायला लागल्यावर.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याकडे हाडांच्या डॉक्टरांची मोठी परिषद होती. सर कॉम्प्युटरच्या मार्गदर्शनाने एक ऑपरेशन करणार आणि ते थिएटरमधून थेट सभागृहाच्या पडद्यावर दिसणार, असं ठरलं होतं. काचवाल्याची केस त्याला अगदी हवी तशी होती.

ताईंनी दोन्ही पायांचं स्कॅन लावलं आणि थांबल्या. डाव्या मांडीचं हाड मध्यावर किंचित जाड होतं. त्यांनी कोन मोजला. वरचं टोक आणि गुडघा ह्यांच्यातला पीळ साधारण पंधरा अंशांचा असतो, इथे तो चाळीस निघाला. पुन्हा मोजला. चाळीसच. मग त्या उठून वॉर्डात गेल्या. मी तिथेच त्याला श्वासाचे व्यायाम शिकवत होतो.

"डावा पाय कधी मोडला होता का?" ताईंनी विचारलं.

"डावा कशाला? उजवा मोडलाय, मॅडम."

"आत्ताचं नाही विचारत. लहानपणी."

त्याची बायको उशाशी बसली होती, तिला हसू आलं. "हे चालतात कसे ते बघितलंच नाहीत तुम्ही. डावं पाऊल सारखं आत. लग्नात फोटोवाला ओरडून ओरडून दमला, पाय सरळ करा, पाय सरळ करा."

"सात वर्षांचा असताना भिंतीवरून पडलो," तो म्हणाला. "दोन महिने प्लास्टर होतं. घरात मला आतपाय्याच म्हणतात."

"आणि उजवा कसा होता? तोही आत?"

"छे, उजवा एकदम सरळ. म्हणून तर शिडीवर उजवाच आधी टाकतो."

ताईंनी फोटो मागितला. बायकोच्या फोनमध्ये एक सापडला. अर्ध्या चड्डीतला काचवाला, पायरीवर उभा, डावं पाऊल आत वळलेलं आणि उजवं नाकासमोर. ताईंनी तो मागून घेतला. जाताना मला म्हणाल्या, "आरसा धरला तर ह्याचा चांगला पायही वाकडा होऊन बसेल रे."

त्या दिवशी त्यांनी दोन प्लॅन केले. एक नेहमीच्या पद्धतीचा, आरशातला. दुसऱ्यात पीळ हाताने भरला, पंधरा अंश. फोटोचा प्रिंट काढला आणि तो घेऊन त्या सरांच्या खोलीत गेल्या. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. सर होते, आणि कंपनीचा माणूस होता. सरांनी फोटो बघितला, नाही असं नाही.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण ताई, हा कार्यक्रम आरशाच्या पद्धतीवरच आहे. भाषणात मी तेच सांगणार आणि पडद्यावर तेच दिसणार."

"मग केस बदलू या, सर. ह्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुसरा प्लॅन लावून करा."

कंपनीचा माणूस म्हणाला, "आकडा हाताने भरला तर पडद्यावर लाल इशारा येतो. सभागृहात बरं नाही दिसणार ते."

"लाल दिसू दे की. पाय सरळ येईल."

सर हसले. "बघतो मी. दोन्ही प्लॅन ठेवा मशीनवर."

बघतो म्हणाले, म्हणजे बघतील, असं ताईंनी धरलं. बावीस वर्षांची ओळख होती.

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आम्हा स्टाफलाही मागच्या रांगांत बसवलं होतं. पडद्यावर सरांचे हात, शेजारच्या चौकटीत कॉम्प्युटरचं चित्र. आवाज थिएटरमधून थेट येत होता. रॉड आत गेला. आता खालचं टोक फिरवून योग्य जागी आणायचं आणि स्क्रू मारून पक्कं करायचं. सर म्हणाले, "ताई, प्लॅन घ्या."

मग सगळ्या स्पीकरमधून ताईंचा आवाज आला, "सर, दुसरा घेऊ ना?"

"पहिला."

"सर, तो डाव्या पायाचा जुना..."

सरांनी मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघितलं. "आमच्या ताई. पेशंटची ह्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. घरी आई आणि इथे ताई, माझी सुटका कुठेच नाही."

सगळं सभागृह हसलं. सर बोलायचेच तसे, हसू यायचंच. मीही हसलो. काय चाललंय हे तिथे बसलेल्या तीनशे माणसांत मला एकट्याला कळत होतं, आणि तरी मी हसलो.

"ताई, पहिला," सर पुन्हा म्हणाले. आता आवाजात हसू नव्हतं.

आणि ताईंनी बटण दाबलं. पडद्यावर आरशातला पाय आला, सरांनी खालचं टोक हळूहळू फिरवत त्याच्यावर नेऊन बसवलं. आकडे कमी होत गेले. दहा, सहा, दोन, एकाच्याही आत. दोन्ही रेषा एकावर एक आल्या तेव्हा टाळ्या पडल्या. एका अंशाचीही चूक नव्हती.

सहाव्या दिवशी मी काचवाल्याला वॉकर धरून उभा केला. त्याने खाली बघितलं. दोन्ही पावलं एकमेकांकडे तोंड करून उभी होती.

"हे काय?" तो म्हणाला.

"सूज आहे अजून," मी म्हणालो.

"सुजेने पाय फिरतो?"

मी त्याला पलंगावर पालथं झोपवून गुडघा वाकवून कोन मोजला. ताईंचा आकडा आणि माझा आकडा एकच आला. तसाच सरांकडे गेलो. उपाय सोपा होता. हाड जुळायच्या आत खालचे दोन स्क्रू काढायचे, पाय फिरवायचा, स्क्रू पुन्हा मारायचे. अर्ध्या तासाचं काम. सर म्हणाले, "स्नायूंचा ताण आहे. सैल होईल. व्यायाम वाढव."

"सर, पंचवीस अंशांचा फरक आहे."

"तुझ्या हाताने मोजलेला ना? आमचा कॉम्प्युटरने मोजलाय."

ऑपरेशनवर लिहिलेला लेख त्याच आठवड्यात छापायला गेला होता, हे मला मागाहून कळलं. मी व्यायाम वाढवला. ताई रोज दुपारी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"घेतला का त्याला पुन्हा थिएटरात?"

"नाही अजून."

"दुसरा आठवडा संपला."

"बोललो मी सरांशी."

"लिहून दे त्यांना. तोंडी नको."

मी लिहून दिलं नाही. माझं कंत्राट त्या महिन्यात वाढायचं होतं आणि कागदावर सरांची सही लागत होती. मी कशाला लपवू? ताई स्वतः दोनदा सरांकडे गेल्या. दुसऱ्यांदा सर मीटिंगमध्ये आहेत असं सांगून सेक्रेटरीने त्यांना बाहेरच बसवून ठेवलं. तीन तास बसल्या. मग ड्यूटी संपली म्हणून घरी गेल्या.

तीन महिन्यांत हाड पक्कं जुळलं, जसं बसवलं होतं तसंच. काचवाला चालायला लागला की उजवं पाऊल डाव्यात अडकायचं. घरात दोनदा पडला. बायकोने तक्रार केली, वकिलाची नोटीस आली, आणि चौकशी समिती बसली. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या.

ताईंना वाटत होतं, आता सगळं स्वच्छ होईल. दुसरा प्लॅन मशीनवर होता, तारखेसकट. फोटोचा प्रिंट फाइलमध्ये होता. दोन्ही घेऊनच त्या आत गेल्या. मी बाहेर बाकावर होतो, पुढचा नंबर माझा. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

"हा दुसरा प्लॅन तुम्हीच केलात?"

"हो."

"म्हणजे पहिला चुकीचा आहे हे ऑपरेशनच्या आधीच तुम्हाला माहीत होतं."

"हो. म्हणूनच सरांना सांगितलं."

"सर म्हणतात, तुम्ही दोन पर्याय दिलेत, त्यातला एक चुकीचा आहे असं स्पष्ट सांगितलं नाहीत. पण ते असू द्या. थिएटरमध्ये मशीनवर लॉगिन कुणाचं होतं?"

"माझं."

"पहिला प्लॅन कुणी लावला?"

"सरांनी सांगितलं तो..."

"लावला कुणी?"

"मी."

"चुकीचा आहे हे माहीत असून?"

आत पेनाची खरखर तेवढी ऐकू आली. त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलेलं काम, तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला. दुसरा प्लॅन केलाच नसता, तर यंत्राची मर्यादा म्हणून सुटल्या असत्या.

मग मला आत बोलावलं. विचारलं, पाय फिरलाय हे तुम्ही सरांच्या कानावर घातलं होतं का? तेवढा एकच प्रश्न महत्त्वाचा होता. हो म्हटलं असतं, तर सरांना वेळेवर कळलं होतं हे नोंदलं गेलं असतं.

"लेखी काही दिलेलं नाही," मी म्हणालो.

"तोंडी?"

"नक्की आठवत नाही."

बाहेर आलो तर ताई पाण्याच्या कूलरपाशी उभ्या होत्या. दार नीट लागत नव्हतं, हे सांगितलंच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी हातातला कागदी पेला टोपलीत टाकला आणि जिना उतरून गेल्या.

खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं हे सांगायला नको. अहवालात लिहिलं होतं, "प्रणाली चालवणाऱ्या कर्मचाऱ्याकडून चुकीच्या आराखड्याची निवड." सरांना शहरातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलने बोलावून घेतलं. जाताना त्यांचा निरोप समारंभ झाला. त्यात सर ताईंविषयीही चांगलं बोलले, म्हणाले, चूक माणसाकडूनच होते, मनाला लावून घेऊ नये. ताई समारंभाला नव्हत्या. त्यांची बदली तोपर्यंत वर, एक्स-रेच्या खिडकीवर झाली होती. नाव विचारायचं, पावती बघायची, पाकीट द्यायचं. तळघरातल्या खुर्चीवर एक नवीन इंजिनियर मुलगी आली. कामात हुशार होती. उशी परत द्यायला ती स्वतः वर गेली, तर ताई म्हणाल्या, "राहू दे तुला. खुर्ची मागून टोचते."

त्या खिडकीवरून ताईंनी एकच उद्योग केला. दर दोन महिन्यांनी एक अर्ज. स्कॅनच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, "दुसऱ्या बाजूचं हाड पूर्वी कधी मोडलं होतं का?" एवढीच मागणी. भाऊजी म्हणायचे, "अगं, तुला काढलं त्या कामातून, तरी तू त्यांच्याच फॉर्मची काळजी करतेस." पहिल्या सहा अर्जांना उत्तर आलं नाही. सातव्यानंतर फॉर्म बदलला. परिपत्रकात लिहिलं होतं की ही सुधारणा माजी विभागप्रमुखांच्या अनुभवातून सुचली आहे. मी ते परिपत्रक सूचना फलकावर वाचलं, ताईंनीही वाचलं असणार. फलक त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोरच होता.

पहिल्या ऑपरेशननंतर दीड वर्षाने, सरांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरांनी काचवाल्याचं दुसरं ऑपरेशन केलं. जुळलेलं हाड पुन्हा कापलं, फिरवलं, नवा रॉड घातला. प्लॅन करायला बसलेल्या इंजिनियर मुलीला मशीनवर ताईंचा तो दुसरा प्लॅन सापडला, तोच तिने वापरला. पाऊल सरळ झालं. पण एकाच मांडीवर दोन ऑपरेशनं, मधले कितीतरी महिने वाकड्या चालीत गेलेले. गुडघा आखडला तो आखडलाच.

ऑपरेशननंतरच्या तपासणीचा एक्स-रे घ्यायला तो खिडकीवर गेला, तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. ताईंनी पावती बघितली, नाव वाचलं, आणि पाकीट शोधता शोधता त्यांचा हात थांबला.

त्यानेही ओळखलं. "तुम्हीच ना? डाव्या पायाचं विचारायला आला होतात."

"हो."

"फोटोही नेला होतात."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

तो काठीवर भार टाकून उभा होता. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं. "मग?" तो म्हणाला. ओरडला नाही, नुसतं विचारलं.

"मग बटण मी दाबलं," ताई म्हणाल्या.

मला तेव्हा मध्ये पडता आलं असतं. सांगता आलं असतं की बाबा, ह्या बाईने तीनशे माणसांसमोर तोंड उघडलं, तिच्यावर सगळे हसले, आणि हसणाऱ्यांत मी होतो. तुझा पाय दुसऱ्या आठवड्यात सरळ होऊ शकला असता, आणि ते लिहून द्यायचं होतं ते मी. मी ताईंनी पुढे सरकवलेलं पाकीट हातात घेतलं आणि म्हणालो, "चला, उशीर होतोय." तो आला माझ्याबरोबर. दारापर्यंत जाऊन एकदा मागे वळून बघितलं त्याने. ताई पुढच्या माणसाला नाव विचारत होत्या.

त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला तीन वर्षं होती. निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं, आणि कुणी फारसा आग्रहही केला नाही.

मला त्यांच्या घरी जायला आठ महिने लागले. दार भाऊजींनी उघडलं. मला ओळखलं आणि म्हणाले, "या. चहा मीच करतो, ती सांगते आणि मी करतो, आमचंही मार्गदर्शनाखालीच चालतं." त्यावर तेच हसले. ताई बाल्कनीत बसून चष्म्याची सुटलेली काडी बसवत होत्या, बारीक स्क्रू पिवळ्या बोटांत धरून. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो. समितीसमोर मी खोटं बोललो, तेव्हापासून मला, वगैरे. वाक्य अर्धंही झालं नाही.

"गुडघा किती वाकतो त्याचा आता?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"नव्वद."

"पुढे जाईल?"

"नाही, ताई. दुसऱ्या ऑपरेशनला वर्ष होत आलं आता. दुकानात बसून काचा कापतो. मालक चांगला आहे."

त्यांनी स्क्रू पिळला, काडी उघडमीट करून बघितली.

"नव्वदात जिना चढता येतो," त्या म्हणाल्या. "शिडी नाही."

भाऊजी चहा घेऊन आले. आम्ही तिघांनी तो प्यायलो. मी काढलेला विषय पुन्हा कुणी काढला नाही, आणि निघताना ताई दारापर्यंत आल्या नाहीत.